पेण, रोहा आणि कुंडलिकेपलीकडे पोचवलेली आई

कोलाडला जायचं हे मी ठरवलं आणि विलासरावांनी ते कुरकुरत मान्य केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यापासून "तुझ्यामुळे गेलो" असं ते अधूनमधून म्हणतात. आम्ही दोघं डोंबिवलीचे. मी शाळेतून निवृत्त झाले, ते बँकेतून. निवृत्तीनंतरची दोन वर्षं गुडघे, रक्तदाब आणि सोसायटीच्या मीटिंगा यांत गेली. शेवटी मी म्हटलं, आता बास झालं, आपण नदीत उतरायचं आणि राफ्टमध्ये बसून वल्हं मारायचं.

"या वयात?" हे म्हणाले.

"मग कुठल्या वयात? पुढच्या जन्मी?"

यावर ते पेपर वाचायला लागले. आमच्याकडे याला होकार म्हणतात. फेब्रुवारीतला शनिवार-रविवार धरला. कोलाडजवळच्या एका घरगुती मुक्कामाची खोली मिळाली, राफ्टिंगचं बुकिंगही तिथल्या ताईंनीच करून दिलं. माणशी दीड हजाराच्या आसपास पडतं. रविवारी थोडं जास्त घेतात, तेव्हा सुट्टी मिळत असेल तर मधल्या वारी जा.

शनिवारी उजाडायच्या आत निघालो. पळस्पे फाट्यापासून पेणपर्यंत रस्ता चांगला आहे. वडखळ मागे पडलं की कुठे गुळगुळीत, कुठे खडी, कुठे 'काम चालू' असे फलक आणि काम मात्र कुठेच नाही. या महामार्गाबद्दल लिहायला बसले तर वेगळा ब्लॉग काढावा लागेल, म्हणून गप्प बसते. पेणला रामवाडीत स्टँडजवळ मिसळ खाल्ली. मिसळ झणझणीत होती, चहा दुधाळ. गावात गणपतींचे कारखाने आहेतच. फेब्रुवारीतही रंग न लावलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीनं सुकत होत्या. मी पोह्याचे पापड घेतले, ते तुम्हीही घ्या. मुंबईत पेणचे म्हणून जे विकतात त्यांच्यात आणि यांच्यात फार फरक आहे.

मासळी बाजारात उगाच डोकावले. जिताडा हा इथला मानाचा मासा. एका मावशींच्या पाटीत एकच होता, हाताएवढा लांब.

"घे गो, खाडीचा हाय, तलावातला नाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, मी फिरायला आलेय. कुठं शिजवू?"

"मग बघतीस कशाला? नजर लागंल त्याला."

दुपारी महामार्गावरच्या एका खानावळीत जिताड्याची थाळी खाल्ली. थाळी स्वस्त नव्हती, पण खाताना तक्रार सुचली नाही. जेवून खाडीच्या बाजूला थोडं आत गेलो. मिठागरं आता कमी राहिलीत. जी आहेत तिथे मिठाचे ढीग वाळलेल्या पेंढ्यानं शाकारून ठेवले होते आणि बांधावर बगळे उभे होते. तिथे बोलायला माणूस भेटला नाही. ऊन तापलं तसे आम्ही रोह्याकडे निघालो.

रोहा मला आवडलं. कुंडलिका गावाला लागून वाहते, काठावर बसायला जागा आहे. पलीकडे धाटावच्या कंपन्यांच्या चिमण्या दिसतात. चहाच्या गाडीवर दोघं जण शिफ्टबद्दल बोलत होते. एक म्हणाला, "मला नाइट नको रे, घरात म्हातारी आजारी हाय." दुसरा म्हणाला, "मी घेतो तुझी, तू जा." एवढंच बोलणं झालं आणि कप ठेवून दोघं निघून गेले. आमच्या बँकेत अशी अदलाबदल व्हायला तीन अर्ज लागायचे, असं विलासराव म्हणाले.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी ताईंनी पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, सगळं मडक्यात कोंबून मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ. ही थंडीतच मिळते, तेव्हा या हंगामात गेलात तर आधी सांगून ठेवा. जेवताना ताईंनी एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. कोलाडजवळ कुंडलिकेला एरवी राफ्ट चालेल एवढं पाणीच नसतं. वर वीज तयार करतात, ते पाणी सकाळी नदीत सुटतं आणि मग नदी भरते. पाणी यायच्या आधी गावातली माणसं दगडांवर पाय देत चालत पलीकडे जातात. पाणी आलं की जाता येत नाही.

"आणि परत कधी उतरतं?" मी विचारलं.

"कधी दुपारी, कधी दिवस मावळला तरी नाय. ते वरच्यांच्या हातात."

सकाळी आठच्या सुमारास आम्ही नदीवर पोचलो. पाणी आलेलं होतं. हिरवं, थंडगार, भरधाव. बऱ्याच राफ्ट पुढे निघून गेल्या होत्या, आमची शेवटची. आमचा गाइड संतोष, पस्तिशीचा, जवळच्याच गावातला. एका राफ्टमध्ये सहा जण आणि मागे गाइड. आम्ही दोघं, पुण्याचे पाटणकर नवरा-बायको आमच्याच वयाचे, आणि नवी मुंबईच्या कुठल्याशा कंपनीतली दोन मुलं. त्यातल्या एकानं हेल्मेटवर कॅमेरा बसवला होता. संतोषनं लाइफ जॅकेटचे पट्टे इतके आवळले की श्वास घ्यायला परवानगी मागावी लागेल असं वाटलं. "फॉरवर्ड म्हटलं की सगळ्यांनी पुढं मारायचं, स्टॉप म्हटलं की थांबायचं. ताई, तुमी काका मारत नायत म्हणून थांबायचं नाय."

पहिला अर्धा तास मजेचा होता. राफ्ट लाटेवर चढायची, आदळायची, पाणी तोंडावर यायचं. पाटणकर वहिनी डोळे मिटून मंत्र म्हणत होत्या आणि विलासराव, ज्यांना या वयात हे नको होतं, ते लहान मुलासारखे हसत होते. इथवरचं वाचून तुम्ही बुकिंग केलंत तर माझी हरकत नाही.

मग नदी एका वळणावर जरा संथ झाली आणि डाव्या काठावर माणसं दिसली. तीन-चार बायका, एक म्हातारा आणि त्यांच्यामध्ये बांबूची ताटी. ताटीवर पांढऱ्या कापडात माणूस होतं. मुलांपैकी एक म्हणाला, "काहीतरी विधी आहे." संतोषनं वल्हं पाण्यात रोवून राफ्ट काठाला घेतली. तो त्या लोकांना ओळखत होता.

"कोण गेलं गो यमुने?" त्यानं विचारलं.

"आय," ताटीच्या डोक्याशी उभी असलेली बाई म्हणाली. चाळिशीची असेल. पायात चप्पल नव्हती, पायांवर विटांची लाल धूळ होती.

पुढचं बोलणं संतोष आणि ती यांचं. आम्ही राफ्टमध्ये बसून ऐकत होतो. ही कातकऱ्यांची वाडी. पूर्वी वाडी नदीच्या पलीकडच्या अंगाला होती, मग कधीतरी अलीकडे वसली. मसणवट मात्र पलीकडेच राहिली. यमुनाचा बाप तिथे पुरलेला, यमुनाचं पहिलं मूल तिथे. आई सांगून गेली होती की मला त्यांच्याजवळ न्या. या दिवसांत वाडीतली हातीपायी धड माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. यमुनाही भट्टीवर होती. निरोप मिळाल्यावर तिला यायला उजाडलं. दोन माणसं पहाटे दगडांवरून पलीकडे गेली आणि त्यांनी खड्डा खणला. तेवढ्यात पाणी सुटलं. ते दोघं तिकडे अडकले आणि ही सगळी इकडे.

"पुलावरनं?" संतोषनं विचारलं.

"जीपवाला हो बोलला. पण तिकडं वाटंत फार्महाऊसचं कुंपण हाय. मालक मुंबयला. वॉचमन बोलतो, मयत घेऊन नाय सोडणार."

"पाणी उतरंल दुपारला."

"आणि नाय उतरलं तर?" म्हातारा म्हणाला. तो यमुनाचा चुलता. "दिवस बुडल्यावर माती देत नायत. खड्डा खणून रिकामा ठेवीत नायत. इथं विसावा झाला, आता ताटी उचलली का परत खाली टेकवायची नाय."

यमुनानं आमच्याकडे पाहिलं. विनवणीची नजर नव्हती ती. ती राफ्टची लांबी बघत होती.

संतोष आमच्याकडे वळला. म्हणाला, "मी यांना पलीकडं सोडतो. राफ्टच्या मालकाला काय सांगायचं ते मी बघीन. पण प्रवाहात मला वल्ही मारायला माणसं लागतील. ज्याला नको असंल त्यानं इथं उतरा, परत येऊन घेतो. राग नाय."

पाटणकर हळूच म्हणाले, "आम्ही इथून पालीला जाणार आहोत. मुलीला आठवा महिना आहे, आधीची दोन राहिली नाहीत. मयताला हात लावून देवळात कसं जायचं?"

मला राग आला. माझा राग नाकावर असतो, हे डोंबिवलीत सगळ्यांना माहीत आहे. "मग उतरा," मी म्हटलं, जरा जोरातच. पण ते उतरले तेव्हा मी त्यांचं तोंड पाहिलं, आणि माझा राग तिथेच विरला. पोरीच्या काळजीनं पिचलेला बाप होता तो. काठावर उभे राहून त्यांनी आपलं लाइफ जॅकेट काढलं आणि यमुनाला दिलं. हेल्मेट दिलं, ते तिनं घेतलं नाही. मग वल्हं पुढे केलं. "तुम्ही बसा माझ्या जागी," ते म्हणाले. वहिनीही उतरल्या, त्यांचं जॅकेट चुलत्यानं घातलं. कॅमेरावाल्या मुलानं न सांगता कॅमेरा काढून पिशवीत टाकला.

ताटी राफ्टमध्ये मावणार नव्हती. शिवाय बांबूचं टोक रबराला लागलं तर राफ्ट फाटली असती. म्हणजे म्हातारीला ताटीवरून उचलून घ्यायचं, पण जमिनीला टेकवायचं नाही. चुलता ते एकच परत परत सांगत होता. बायकांनी डोकं आणि कंबर उचलली. मी राफ्टमधून वाकून पाय घेतले, विलासरावांनी गुडघ्यांखाली हात घातले. राफ्टच्या मधल्या आडव्या फुगीर पट्ट्यांवर तिला लांब ठेवली, म्हणजे तळ लागू दिला नाही. मी आयुष्यात मयताला असं कधी धरलं नव्हतं. आमच्याकडे गाडी येते, माणसं येतात, बायका दारात थांबतात. माझी आई गेली तेव्हा मीही दारातच थांबले होते, आणि त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही.

कुंडलिका तिथे फार रुंद नाही. पण राफ्ट खालच्या अंगाला ओढली जात होती आणि आम्हाला समोरच्या काठाला लागायचं होतं. संतोष ओरडला, "फॉरवर्ड." तो तसा रोजच ओरडत असणार, पण आता त्याचा आवाज वेगळा होता. मी मारत होते. पुढे यमुना मारत होती. तिला कोणी शिकवलं नव्हतं, ती आमच्याकडे बघून मारत होती आणि आमच्यापेक्षा जोरात. मध्यावर एक लाट आडवी आली आणि पाणी आत आलं. चुलत्यानं अंग टाकून म्हातारीला धरलं. तिचं कापड चिंब झालं.

"आय भिजली," यमुना म्हणाली. तेवढंच म्हणाली आणि पुन्हा मारायला लागली.

त्या क्षणी मला भीती वाटली, माझ्या जिवाची नाही. ही वाहून गेली तर या बाईला आयुष्यभर कुठे बसून रडायचं, याची भीती वाटली. माझे हात भरून आले होते. शेजारचा मुलगा मोठमोठ्यानं श्वास घेत होता. विलासरावांना डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली आहे, ते मी त्यांना आठवण करून देणार होते, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी तोंड मिटलं. संतोष सारखा "फॉरवर्ड, फॉरवर्ड" म्हणत राहिला आणि मग खाली दगड घासल्याचा आवाज आला.

पलीकडे ते खणणारे दोघे पाण्यात कमरेपर्यंत उतरून उभे होते. सकाळपासून उपाशी होते. हातांवरून हातांवर म्हातारी वर गेली, कुठेही न टेकता. संतोष दोन्ही मुलांना घेऊन बायकांना आणायला परत गेला. त्या येईपर्यंत तिला खांद्यांवर धरून ठेवली होती. एक दमला की दुसऱ्यानं खांदा लावायचा. चुलत्यानं लावला, विलासरावांनी लावला. एकदा कोणीच मोकळं नव्हतं तेव्हा मी लावला. कोणी अडवलं नाही.

मसणवट म्हणजे झुडपांमधली चढाची जागा. गोल दगड ठेवलेले, त्यावर नाव-गाव काही नाही. यमुनानं एका दगडाकडे बोट केलं, "बाप." जवळच्या लहान दगडाकडे बोट केलं, पण बोलली नाही. मधल्या जागेत खड्डा होता. आम्हीही मूठ मूठ माती टाकली. यमुना रडली नाही. ओल्या कापडाची घडी सारखी करत राहिली आणि म्हणाली, "तिला थंडी सोसत नव्हती."

परत यायला निघालो तेव्हा ती आमच्यामागून काठापर्यंत आली. बायका आणि चुलता पाणी उतरेपर्यंत तिकडेच बसणार होते. ती मला म्हणाली, "बाय, दहाव्याला या. खांदं मळायचं हायती. संतोषदादा सांगंल तुमाला दिवस."

खांदेमळणी विलासरावांच्या साताऱ्याकडच्या गावीही करतात. ज्यांनी खांदा दिला त्यांचे खांदे दहाव्याला तेलानं मळायचे, म्हणजे मयताचा भार उतरतो. पण ते पुरुषांचं काम. आम्ही म्हटलं, हो, बघू, जमलं तर. शहरातली माणसं म्हणतात तसं.

पाटणकर जोडपं त्या रिकाम्या ताटीपासून जरा लांब, दगडावर बसलं होतं. वहिनींनी विचारलं, "नीट झालं ना?" मी हो म्हटलं. राहिलेलं अंतर आम्ही उतरलो. शेवटी राफ्टिंगवाल्यांचा वडापाव असतो, तो कोणी खाल्ला नाही. पाटणकर पालीला गेले नाहीत, सरळ पुण्याला गेले. निघताना आम्ही एकमेकांचे नंबर घेतले. आमच्याही यादीत त्या दुपारी आणखी दोन ठिकाणं होती. ती तशीच सोडून आम्ही डोंबिवली गाठली.

सोमवारी माझा उजवा खांदा हलेना. मलम चोळलं, शेक घेतला. विलासरावांचाही दुखत असणार, पण त्यांनी कबूल केलं नाही. दहावा मधल्या वारी येत होता. मी म्हटलं, जाऊ या. ते म्हणाले, "मला नाही जमणार. मला ते परत बघायचं नाहीये." त्यांना आग्रह करणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, आणि या बाबतीत मला तो करावासाही वाटला नाही. मी एकटी जायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी पाटणकरांचा फोन आला, मुलगी बरी आहे हे सांगायला, आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही जाताय ना? बरं झालं. तिला सांगा, आम्ही विचारलं म्हणून." मुलांपैकी एकाला रजा मिळाली नाही, दुसऱ्याचा फोन लागला नाही.

ज्यांना गाडी नाही त्यांनी दिव्याहून रोह्याची गाडी धरावी. तिकीट किरकोळ आहे आणि पेणच्या पुढे खिडकीतून खाडी, शेतं, डोंगर सगळं दिसतं. घाई मात्र असू नये. निडीला आमची गाडी बराच वेळ थांबली, समोरून दुसरी यायची होती. शेजारी भाजीच्या पाट्या घेऊन एक बाई बसली होती.

"कुठं चाललीस गो?"

"कोलाडला. दहाव्याला."

"कोण व्हती तुझी?"

मी म्हटलं, "ओळखीची." पण मी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. तिचं नाव मला माहीत नव्हतं. त्या बाईनं पाटीतला एक पेरू काढून माझ्या हातात दिला.

रोह्याला संतोष मोटरसायकल घेऊन आला होता. त्याला मालकाकडून बोलणी बसली होती, काम गेलं नव्हतं. वाडी म्हणजे दहा-बारा घरं, काही पक्की, काही कुडाची. अंगणात शेणानं सारवलेलं होतं. ते दोघे खणणारे, चुलता, संतोष असे एका ओळीत बसले. यमुनानं वाटीत तेल घेतलं आणि एकेकाचे खांदे मळायला लागली. मी बायकांमध्ये मागे बसले. यायला तर मी आले होते, पण पुढे कसं जायचं ते कळत नव्हतं.

संतोषचं झाल्यावर यमुना वाटी घेऊन माझ्याकडे आली. चुलता म्हणाला, "बाईचा खांदा मळीत नायत आपल्यात."

"आपल्यात बाई वल्हं बी मारीत नाय," यमुना म्हणाली. "तिनं मारलं. खांदा बी लावला. मी बघितलं."

यमुनानं माझ्या कुर्त्याचा गळा बाजूला सरकवला आणि तेल लावलं. तिच्या हाताला घट्टे होते. दुखतो तो नेमका खांदा तिनं विचारून घेतला आणि त्यावर जास्त वेळ दिला. मी मान खाली घालून बसले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. पाटणकरांनी विचारल्याचं मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली, "त्यांच्या पोरीचं चांगलं होवू दे," म्हणाली. मी तिच्या आईचं नाव विचारलं. सोनी.

ती उठायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तिचा हात धरला.

"आणि तुझा?"

"माझा काय?"

"तुझा खांदा कोण मळणार? सगळ्यांत जास्त तूच मारलंस."

"लेकीचा कोण मळीत नाय," ती म्हणाली. ती रागानं नाही, सांगायचं म्हणून म्हणाली.

मी वाटी तिच्या हातातून घेतली. चुलत्याकडे मी पाहिलं नाही. यमुना माझ्यासमोर खाली बसली. तिचे खांदे विटा वाहून वाहून कडक झालेले, एका बाजूला जुना वण. मी तेल लावलं तशी ती पहिल्यांदा रडली. नदीवर नव्हती रडली, खड्ड्याशी नव्हती. आवाज न करता, बराच वेळ. मी मळत राहिले. मागे बसलेली एक बाई म्हणाली, "रड गो. आता रड."

जेवण झालं. भात, वालाचं बिरडं, सुकट. निघताना यमुनानं एका छोट्या बाटलीत उरलेलं तेल ओतून माझ्या हातात दिलं. "काका नाय आलं. त्यांचा तुमी मळा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती भट्टीवर परत जाणार होती.

तुम्ही कोलाडला जाल तर जरूर जा. वाटलं तर राफ्टिंगही करा, ती माणसं चांगली आहेत आणि काळजी घेतात. फक्त शक्य असेल तर पाणी सुटायच्या आधी एकदा नदीवर जा. दगडांवरून माणसं ये-जा करताना दिसतील. मग पाणी येतं आणि ती वाट आपल्यासाठी झाकली जाते, एवढं बघून ठेवा. मी यावर भाषण देणार नाही. मलाही त्या दिवसापर्यंत हे माहीत नव्हतं, आणि वीज माझ्याही घरात जळते.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. विलासराव दिवा लावून बसले होते, टीव्ही बंद होता. मी बाटली टेबलावर ठेवली आणि कोणी कशासाठी दिली ते सांगितलं. ते नेहमीसारखं काहीतरी म्हणतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाची बटणं सोडली आणि माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसले. मी तेल हातावर घेतलं. खांद्यावर हात ठेवला तसे ते म्हणाले, "सोनी म्हणालीस ना? एवढी हलकी कशी होती गं ती?"